सभेपर्यंत कुणाला कळता कामा नये

४ फेब्रुवारी

सोळा वर्षं चाकं पुरवली आम्ही त्यांना. आणि आज त्यांचा खरेदीखात्यातला साहेब टेबलावरच्या कुंडीला पाणी घालता घालता मला सांगतो, "या महिन्याची गाडी शेवटची हं. पुढे आम्ही चाकांसकट खाटाच बाहेरून आणणार आहोत." हं म्हणे! जसं काही दूधवाल्याला सांगतोय, उद्यापासून एक पिशवी कमी टाक. मला बसा म्हणाला नाही. कुंडीतली पिवळी पानं मात्र मायेने खुडत होता.

इस्पितळांना खाटा पुरवणारी ही मंडळी. आमच्या कारखान्यातली निम्म्याहून जास्त चाकं त्यांच्याच खाटांना लागतात, उरलेली जातात ढकलगाड्यांना. जिना उतरताना माझी एक पायरी चुकली. रागाने, दुसरं काही नाही.

आमची वार्षिक सभा जूनमध्ये असते. तोवर ही गोष्ट कुणाला कळता कामा नये, हे मी रस्त्यातच ठरवून टाकलं. आमचे भागधारक म्हणजे काही बडी धेंडं नव्हेत. माझी थोरली बहीण, तिच्या इस्पितळातल्या जुन्या सोबतिणी, शाळेतले एक निवृत्त मास्तर, हिच्या माहेरची माणसं, आमचेच काही कामगार. सगळी मिळून चाळीसेक डोकी. एक घाबरला की दहा घाबरणार. दहा घाबरले की रबरवाला उधारी बंद करणार. रबर बंद झालं की आम्ही खरंच बुडणार. म्हणजे बुडायचं ते बातमीने नाही, बातमी सांगितल्याने. तेव्हा गप्प बसण्यातच सगळ्यांचं हित आहे. शिवाय चाकांच्या खुर्च्या बनवणाऱ्या एका कंपनीला आपण लहान चाकांचे नमुने पाठवलेत. त्यांचा होकार आला की मग वाईट आणि चांगली बातमी एकदमच सांगता येईल. औषध द्यायचं ते साखरेतून द्यावं, एवढी अक्कल मला आहे.

७ फेब्रुवारी

परवा हिला सांगावंच लागलं. कारखान्याचे हिशेब हीच बघते, तिच्यापासून काय लपवणार? मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ही म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" मी एक म्हण काढली की ही दुसरी काढते, लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

मग म्हणाली, "लोक घाबरतील, लोक घाबरतील, हे तुम्ही दहा वेळा म्हणालात. आत्ता या खोलीत कोण घाबरलंय?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी घाबरलोय? मी? ज्या माणसाने भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये एका साच्यावर कारखाना उभा केला, तो एका कुंडीवाल्याला घाबरेल? दोन दिवस मी हिच्याशी कामापुरतंच बोललो. तिला त्याचं काही वाटलेलं दिसत नाही.

२० फेब्रुवारी

शेवटची गाडी भरून गेली. संध्याकाळी वस्ताद आला. साच्यांवरचा हा आमचा सर्वांत जुना माणूस. विचारतो, "साहेब, खाटांच्या चाकांचा पुढचा आकडा आला नाही. यंत्रावर काय चढवू? लहान साचा लावू का?"

"मोठाच ठेव. नेहमीप्रमाणे काढत राहा."

"त्यांच्या चाकाचा दांडा जाड असतो, साहेब. दुसऱ्या कुठल्याच खाटेला बसत नाही. त्यांची गाडी यायची असेल तरच—"

"येईल."

"कधी?"

एकदा सांगितलं की येईल, मग पुन्हा कधी म्हणून विचारायचं काय कारण? आता साचा बदलला असता तर पाच मिनिटांत सगळ्या कारखान्याला कळलं असतं आणि पाच दिवसांत गावाला. मोठं यंत्र बंद पडलं तर बाहेरच्या चहावाल्यालाही ऐकू येतं. म्हणून ते चालूच राहिलं पाहिजे. एवढं साधं गणित वस्तादाला समजावून सांगायचं तर मुळात बातमीच सांगावी लागेल. वरचं काम म्हणजे हेच, सगळ्यांचं ओझं एकट्याने वाहायचं आणि वर बोलणीही खायची.

६ मार्च

मास्तर कारखान्यात उगवले. दर सभेत पहिल्या रांगेत बसून सतरा प्रश्न विचारणारा हा माणूस. यंदा सभेची वाट बघायचाही धीर नाही.

त्यांच्या मुलीला शिवणकामाचं दुकान टाकायचंय, पुढच्या वर्षी. त्यासाठी आपले शेअर विकावे म्हणतात. "आत्ता विकू की पुढच्या वर्षापर्यंत थांबू? तुम्ही आतले. तुम्ही सांगाल तसं करतो. कंपनीचं कसं काय चाललंय?"

काय सांगणार होतो मी? विका म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं. आमचे शेअर बाहेरच्याला विकता येत नाहीत, भागधारकांतच फिरवावे लागतात. म्हणजे चाळीस घरांत विचारणा, भावाची चर्चा, तर्कवितर्क. मी म्हटलं, "उत्तम चाललंय, मास्तर. घाई काय आहे? थांबा पुढच्या वर्षापर्यंत."

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," म्हणाले, आणि निघाले. दारात चप्पल घालताना पुन्हा मागे वळून, "नक्की ना?"

बघा! माणसाच्या शब्दावर इतका अविश्वास! मी आणखी जोरात म्हटलं, "नक्की." यात खोटं काही नाही. खुर्च्यावाल्यांचा होकार आला की उत्तमच चालणार आहे. आजचं सांगितलं नाही, पुढचं सांगितलं, एवढाच काय तो फरक.

२३ मार्च

आज ताई आली होती. तिच्याविषयी या वहीत आधी नीट लिहिलेलं नाही. कंपनी तिच्यामुळे सुरू झाली. ती इस्पितळात नर्स होती. खाटा ढकलल्या की चाकं अशी किंचाळायची म्हणे की नुकता डोळा लागलेला रोगी दचकून उठायचा. मी तेव्हा दुसऱ्याच्या रबराच्या कारखान्यात नोकरीला होतो. ताई म्हणाली, "तू एवढा रबरातला माणूस, मला एक मुकं चाक करून दे." मी करून दिलं. पहिले शेअर तिने घेतले, आणि मग तिच्या भरवशावर बाकीच्यांनी. सगळे तिला अजून सिस्टरच म्हणतात. आता निवृत्त झालीय. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि तळमजल्यावर एखादी खोली घ्यायचं म्हणते आहे, गुडघे बोलायला लागलेत म्हणून.

तिला जरा बरं वाटावं म्हणून मीच गोदाम दाखवायला नेलं. दार उघडलं तर छतापर्यंत चाकं! छाती भरून आली. म्हटलं, "बघ ताई, माल किती आहे आपल्याकडे." वाटलं होतं, शाबासकी देईल. तिने एका चाकावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पदराला पुसली. वस्ताद तिथेच होता. त्याला विचारलं, "गाडी कधी येते रे हल्ली?" तो म्हणाला, "ते साहेबांनाच माहीत."

उद्धट! हे मला लक्षात ठेवावं लागेल.

ताईने चहा अर्धाच घेतला आणि उठली. गुडघे दुखत असतील.

३ एप्रिल

काय म्हणावं या लोकांना! मास्तरांनी शेअर विकले. ज्याला थांबा म्हणून इतकं बजावलं, त्याने महिनाही कळ काढली नाही. आणि घेतले कुणी? ताईने! तळमजल्याच्या खोलीसाठी ठेवलेले पैसे मोडून!

मास्तरांनी रस्त्यात गाठून स्वतःच सांगितलं, वर दात काढून. "सिस्टरकडे सहज गेलो होतो हो. विषय निघाला, तर त्या म्हणाल्या, मलाच द्या, आत्ताच द्या. मी म्हटलं, अहो, भाऊ तर थांबा म्हणतात. म्हणाल्या, भाऊ म्हणू दे."

भाऊ म्हणू दे! गोदाम बघून भाळली असणार, दुसरं काय. बायकांचं हे असंच असतं, चार पोती भरलेली दिसली की हावरटपणा सुचतो. मी तिला माल दाखवला काय आणि तिने शेअर घेतले काय. मास्तर सुटले आणि माझी सख्खी बहीण विहिरीत उडी घेतेय, तीही माझ्यावरच्या विश्वासापायी. आज जेवण गेलं नाही.

५ एप्रिल

ताईकडे गेलो. तिसरा मजला चढताना मलाच धाप लागली.

"ताई, मास्तरांचे शेअर तू घेऊ नकोस. अजून कागदावर सही झालेली नाही, मोडता येईल."

"का रे?"

"उगाच. एका माणसाकडे फार शेअर असू नयेत."

"सगळ्यांत जास्त तर तुझ्याकडेच आहेत."

"माझी गोष्ट वेगळी. तुझ्या खोलीचं काय? हे जिने किती वर्षं चढणार?"

"चढीन. तू कारण सांग, मी नाही घेत."

"कारण म्हणजे... तू सभेपर्यंत थांब."

"सभेत काही सांगणार आहेस का?"

"सभेत काय, नेहमीचंच."

तिने शेगडी बारीक केली आणि माझ्यासमोर येऊन बसली. "राजा, आणखी काही बोलायचंय तुला?"

लहानपणी शाळेतून मार खाऊन आलो की याच आवाजात विचारायची. मी नाही म्हणालो. ती उठली, शेगडी मोठी केली आणि म्हणाली, "बरं, जेवून जा." मी जेवलो नाही. इतक्या हट्टी बाईच्या घरी जेवायचं तरी कसं? आपल्याच माणसाचं भलं करायला जावं तर तोच आपल्याला कात्रीत धरतो.

९ एप्रिल

हिने हस्तांतराचा कागद टेबलावर आणून ठेवला. मास्तरांचं नाव, ताईचं नाव, आणि खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"नियमाप्रमाणे तुम्ही नामंजूर करू शकता," ही म्हणाली. "कारण मात्र लिहावं लागेल."

"तू मला बोलतेयस?"

"मी नियम सांगतेय."

मी सही केली. दुसरं काय करणार होतो? कारण लिहिलं असतं तर चाळीस घरांत बोंब झाली असती. एकीसाठी चाळीसांना कसं बुडवायचं? रात्रभर हाच विचार केला तेव्हा तो बरोबर वाटला. सही नेहमीसारखी आली नाही. हिने कागद उचलला आणि फायलीत लावला. बोलली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

१६ मे

आला! खुर्च्यावाल्यांचा होकार आला! लहान चाकं, भरपूर, पण पहिला माल महिनाअखेरच्या आत हवा. मी धावतच खाली गेलो आणि वस्तादाला म्हटलं, चढव लहान साचा.

तो म्हणाला, "रबर कुठाय साहेब?"

"म्हणजे?"

"सगळं मोठ्या चाकांत गेलं. तुम्हीच म्हणालात, काढत राहा."

रबरवाल्याला फोन केला. तो म्हणतो, आधीचं चुकतं करा, मग पुढचं. गोदामातली ती चाकं वितळवून पुन्हा वापरावी म्हटलं, तर वस्ताद माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी उकडलेल्या अंड्यातून पिल्लू मागतोय. भाजलेलं रबर परत कच्चं होत नाही. हे मलाही माहीत आहे. रागात माणूस काहीही बोलतो.

"फेब्रुवारीत बोलला असता, साहेब, तर मी तेव्हाच लहान साचा—"

बैल गेला आणि झोपा केला! हे शहाणपण सगळ्यांना नंतरच कसं सुचतं? त्याने तेव्हाच मला अडवायला नको होतं का? दोनदा विचारून गप्प बसला. तिसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित मी सांगितलंही असतं.

२८ मे

खुर्च्यावाल्यांनी दुसरीकडून चाकं घेतली. आठ दिवसांची मुदतही द्यायला तयार नव्हते. माणुसकी राहिलीच नाही कुठे.

१२ जून

आज सभा झाली. सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो, उद्या कुणी मीठमिरची लावून सांगायला नको.

आमची सभा कारखान्यातच होते. लोक खोक्यांवर बसतात. सुरुवातीला एक रीत आहे: आमची चाकं लावलेली खाट या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलायची, वर ताईला बसवून. सगळे श्वास धरून ऐकतात, आवाज आला नाही की टाळ्या. आजही वस्तादाने खाट ढकलली. सुईच्या टोकाएवढा आवाज नाही. टाळ्या झाल्या. या चाकांना नाही म्हणणाऱ्या त्या कुंडीवाल्याला इथे आणून उभं करायला हवं होतं!

मास्तरही आले होते. शेअर विकलेल्या माणसाचं सभेत काय काम? पण ताईने बोलावलं म्हणे.

मी भाषण सुरू केलं. चांगलं बसवलं होतं. "हे वर्ष आव्हानांचं होतं, तरी आपली वाटचाल..." इतक्यात ताईने खाटेवर बसल्या बसल्याच हात वर केला.

"मी आता बरीच मोठी भागधारक आहे. मला एक विचारायचंय. खाटांच्या कारखान्याची गाडी शेवटची कधी आली?"

ही सभेचं टिपण लिहीत होती. तिचं पेन थांबलं. वस्ताद खाली बघायला लागला. मी म्हणू शकलो असतो की येते अधूनमधून. तोंडापर्यंत आलंही होतं. पण चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या एकाच्याही चेहऱ्यावर संशय नव्हता. आता भाऊ सांगेल आणि मग चहा येईल, असे सगळे चेहरे. चिडचिड झाली मला त्या चेहऱ्यांची. मी म्हणालो, "फेब्रुवारीत. पुन्हा येणार नाही." मग बाकीचंही सांगितलं: गोदाम, रबर, खुर्च्या. एकदा तोंड उघडलं की सगळं भडाभडा बाहेर येतं.

मला वाटलं, आता अंगावर येतील. मी तयार होतो. माझ्याकडे उत्तरं होती.

मास्तर उभे राहिले. "मी मार्चमध्ये विचारायला आलो होतो," एवढंच म्हणाले, तेही माझ्याकडे न बघता. मग ताईकडे वळले. "सिस्टर, तुम्हाला हे तेव्हा माहीत होतं?"

"गोदाम पाहिलं होतं. धूळ बसली होती मालावर."

"मग माझे शेअर घेतलेत कशाला?"

"तुम्ही मला विचारायला आलात, भाऊ म्हणतो ते खरं का. खोटं मला बोलवेना, आणि त्याला उघडं पाडवेना. मग तिसरं काय उरलं?"

"माझे शेअर मला परत द्या."

"विकलेली वस्तू परत मागतात होय? मुलीचं दुकान काढा आधी."

"तुमच्या खोलीच्या पैशांवर? जमायचं नाही, सिस्टर. माझं नुकसान माझं आहे."

आणि जुंपली की दोघांची! मास्तर म्हणतात नुकसान माझं, ताई म्हणते माझं. मी कंपनीचा चालक, मी समोर उभा, आणि माझ्या डोळ्यांदेखत दोन म्हातारी माणसं माझ्या नुकसानीसाठी भांडतात, आणि मला कुणी विचारत नाही! बाकीचे लोक वस्तादाभोवती जमले होते. लहान साचा किती दिवसांत चढेल, रबरवाल्याकडे आपण सगळे मिळून गेलो तर ऐकेल का, हिच्या माहेरचा कोण तरी त्याच्या ओळखीचा आहे म्हणे. मी दोनदा खाकरलो. शेवटी चहा आला आणि कुणीतरी माझ्याही हातात कप दिला.

१३ जून

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. एकच गोष्ट खातेय. ताईला मार्चपासून माहीत होतं! जवळजवळ तीन महिने सख्ख्या भावापासून लपवून ठेवलं! मी तिच्या घरी गेलो, समोर बसलो, तरी एका शब्दाने बोलली नाही. का? मी काय घाबरलो असतो? कोसळलो असतो? आपल्या माणसाला विश्वासात घ्यायला नको? तिला वाटलं असेल मला त्रास होऊ नये. पण दुसऱ्याला काय झेपेल हे ठरवणारी ती कोण?

हे सगळं मी हिला तावातावाने सांगितलं. ही ऐकत होती. मग तोंडाला पदर लावून आत गेली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते.

१९ जून

टेबलावर पुन्हा हस्तांतराचा कागद. मास्तरांनी आपली बाजू भरून, सही करून पाठवलाय: ताईकडून शेअर परत मास्तरांना. ताईचा निरोप आला आहे: सही करू नकोस. केली तर मास्तर बुडतात, नाही केली तर ताई. दोघांनी मिळून मलाच फाशी द्यायचं ठरवलेलं दिसतंय.

"काय करू?" मी हिला विचारलं.

"मला काय विचारता? कोणी बुडायचं ते तुम्ही मार्चमध्येच ठरवलं होतं."

असं बोलतात नवऱ्याला? मी कागद फाडला. तडक उठून गाडीच्या दलालाकडे गेलो आणि घरची गाडी विकून टाकली. त्या दलालाने भावात मारलं, चोर लेकाचा. कमी पडले ते हिच्या नावच्या ठेवीतून. तीही हिने मी मागायच्या आधीच मोडून ठेवली होती, हे मला आवडलं नाही. नवा कागद मागवला आणि घेणाऱ्याच्या जागी माझं नाव लिहिलं, भाव ताईने मास्तरांना दिला तोच.

२० जून

चालत गेलो ताईकडे. पैसे आणि कागद तिच्यासमोर ठेवले. चांगलंच सुनावलं. म्हटलं, "ही घे तुझी खोली. आणि पुन्हा माझ्या कंपनीत लुडबुड करायची नाही. आणि माझ्यापासून काही लपवायचं नाही, समजलं?"

तिने कागद वाचला. चष्मा काढून ठेवला.

"गाडी विकलीस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"चालत आलास. तिसऱ्या मजल्यावरून खाली बघते मी." मग तिने पैशांवर हात ठेवला, पण ते उचलले नाहीत. "हे तुला परवडतंय का?"

इतका राग आला मला त्या प्रश्नाचा! कारखान्यात अर्धी यंत्रं बंद, कामगारांना पुढच्या महिन्याचं काय सांगायचं ते ठाऊक नाही, आणि ही विचारतेय परवडतंय का! आयुष्यभर या बाईसमोर मान वर ठेवून उभा राहिलो. काही झालं तरी तिला म्हणायचो, तू काळजी करू नकोस. आताही तेच म्हणायला तोंड उघडलं.

"नाही," म्हणालो. "नाही परवडत, ताई. काहीच परवडत नाही."

आवाज चढलेलाच होता. शेजारच्यांनीही ऐकलं असेल.

ताईने पैशांवरचा हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला, नाडी बघतात तसा. म्हणाली, "बस. आता पहिल्यापासून सांग."

मी बसलो आणि फेब्रुवारीपासून सांगायला लागलो.